पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम : अझुसा स्ट्रीट आणि केडगाव

प्रस्तावना

विसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मात अत्यंत वेगाने पसरलेला प्रवाह म्हणजे पेंटेकॉस्टल चळवळ होय. पेंटेकॉस्टच्या दिवशी येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला व ते अन्य भाषांतून बोलू लागले, असे वर्णन नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. तोच अनुभव आजच्या श्रद्धावंतालाही लाभू शकतो, हा या चळवळीचा गाभा आहे. तिचा उगम बहुधा अमेरिकेत दाखविला जातो. हा निष्कर्ष कोणत्या निकषावर आधारलेला आहे आणि त्यात पुणे जिल्ह्यातील केडगावचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमेरिकेतील प्रारंभ

१ जानेवारी १९०१ रोजी कॅन्सस राज्यातील टोपेका येथे चार्ल्स पारहॅम यांच्या बायबल विद्यालयातील ॲग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्य भाषेत बोलल्याची नोंद आहे. अन्य भाषेत बोलणे हाच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा होय, असा सिद्धान्त पारहॅम यांनी मांडला. विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने ह्यूस्टन येथे त्यांची व्याख्याने ऐकली. परंतु वर्णभेदामुळे त्यांना गोऱ्या विद्यार्थ्यांसमवेत वर्गात बसता आले नाही. याच सेमूर यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर उपासना सुरू झाल्या. तेथे कृष्णवर्णीय व गोरे, स्त्रिया व पुरुष एकत्र प्रार्थना करीत. त्याच वर्षी तेथे आलेल्या पारहॅम यांना मात्र हे मिश्रण रुचले नाही.

केडगावचे संजीवन

१९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठे धार्मिक संजीवन झाले. त्याच्या वार्तेने प्रेरित होऊन पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या आरंभी केडगावच्या मुक्ती सदनात विशेष प्रार्थनागट सुरू केला. जून १९०५ अखेर तेथे संजीवनास प्रारंभ झाला. मुली पापांची कबुली देत, रडत, मोठ्याने सामूहिक प्रार्थना करीत. अनेकींनी अंतरात अग्नी अनुभवल्याचे सांगितले. पुढे गावोगाव सुवार्ता सांगण्यासाठी त्यांची पथके निघाली. यांतील बहुसंख्य स्त्रिया विधवा, अनाथ वा दुष्काळपीडित होत्या. हे सर्व अझुसा स्ट्रीटपूर्वी घडले.

रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर पुस्तिका लिहिली. ती त्यांनी चिलीमधील वालपाराइसो येथे आपल्या जुन्या सहाध्यायिनीस, मेथॉडिस्ट मिशनरी विलिस हूव्हर यांच्या पत्नीस पाठविली. १९०९ मध्ये तेथे संजीवन झाले व त्यातून चिलीतील पेंटेकॉस्टल चर्च उभे राहिले. म्हणजे या प्रवाहाची मूळ प्रेरणा लॉस एंजेलिसची नसून केडगावची होती.

निकषाचा प्रश्न

अन्य भाषेत बोलणे हाच निर्णायक पुरावा मानल्यास टोपेका हे आरंभस्थान ठरते. रमाबाईंनी या अनुभवास विरोध केला नाही. परंतु तो प्रत्येकास अनिवार्य आहे, असेही मानले नाही. त्यांच्या दृष्टीने प्रेम व पालटलेले जीवन हीच खरी खूण होती. साहजिकच, पारहॅम यांचा सिद्धान्त मापदंड म्हणून स्वीकारला की केडगाव इतिहासाच्या पार्श्वभूमीत ढकलले जाते. विशेष म्हणजे, अझुसा स्ट्रीटचे प्रत्यक्षदर्शी फ्रँक बार्टलमन यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात या जागृतीचा क्रम वेल्स, भारत व लॉस एंजेलिस असाच लावला आहे. ॲलन अँडरसन यांच्यासारखे अभ्यासकही या चळवळीस अनेक उगमस्थाने असल्याचे प्रतिपादन करतात.

समारोप

अझुसा स्ट्रीटचे महत्त्व यामुळे उणावत नाही. तेथूनच या चळवळीचा संदेश अल्पावधीत अनेक देशांत पोहोचला. तथापि उगम ठरविणारा निकष हा स्वतःच एका पक्षाचा सिद्धान्त असतो, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. वर्गाबाहेर बसविलेला कृष्णवर्णीय उपदेशक आणि केडगावच्या निराधार स्त्रिया या दोहोंना योग्य स्थान दिल्याशिवाय या चळवळीचा इतिहास पूर्ण होऊ शकत नाही.