बोटांची अक्षरओळख

अंध मुलास शिकवावयाचें म्हणजे त्यास पाठ वाचून दाखवावयाचा, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. परंतु ऐकणें आणि वाचणें या भिन्न विद्या होत. ऐकणाऱ्यास शब्द कळतो. त्यांतील ऱ्हस्वदीर्घ, जोडाक्षर व वाक्यांतील स्वल्पविराम यांचा खरा परिचय वाचणाऱ्यासच होतो. लुई ब्रेल या अंध फ्रेंच तरुणानें आपल्या लिपीचें पहिलें पुस्तक १८२९ सालीं काढलें, तेव्हां हें वाचन बोटांच्या स्वाधीन झालें.

या लिपींत प्रत्येक अक्षरास एक घर, आणि घरांत दोन उभ्या रांगांत सहा टिंबांच्या जागा. ‘पालघर’ म्हणजे प, आ, ल, घ, र अशीं पांच घरें. कान्याच्या जागीं ‘आ’ हेंच अक्षर येतें. ‘विक्रमगड’ या शब्दांत छापील पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधीं दिसते. ब्रेलमध्यें ‘व’नंतर ‘इ’, असा उच्चाराचाच क्रम राहतो. ‘क्र’साठीं प्रथम जोडाक्षराची खूण म्हणून एक टिंब, मग क आणि र.

लिपि कळली म्हणजे वाचन साधलें असें नव्हे. बोट तयार व्हावें लागतें. तारापूरच्या किनाऱ्यावरील मुलास शिंपले, भातशेतीच्या गांवांतील मुलास दाणे व चिंचोके निवडावयास द्यावे. सहा खळ्यांच्या पेटींत चिंचोके मांडून अक्षरें करवावीं. मग टिंबांच्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे हलकेंच हात न्यावा. जोरानें दाबल्यास स्पर्श बोथटतो. एकाच अक्षरावर बोट घासण्याची संवय जडल्यास गति खुंटते. उजवा हात ओळ संपवीत असतां डाव्यानें पुढील ओळ शोधून ठेवावी. पाटी व टोचणीनें लिहितांना मात्र कागद मागून टोचला जातो, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहावें लागतें.

मुंबईंत अमेरिकन मिशनच्या मिस मिलर्ड यांनीं १९०० सालीं अंधशाळा काढली. १९५१ सालीं भारतीय भाषांकरितां एकच ब्रेलपद्धति ठरली, आणि २००८ सालीं ‘स्पर्शज्ञान’ हें मराठी ब्रेल पाक्षिक निघालें. ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करून नेमण्याची जबाबदारी २०१६ च्या कायद्यानें सरकारवर टाकली आहे.

तथापि बोईसरच्या एखाद्या साध्या शाळेंत वर्गांत एकच अंध मूल असल्यास शिक्षकाचा थोडा वेळ पुरत नाहीं. घरांतील माणसांनीं लिपि शिकून डब्यांवर, वह्यांवर ब्रेल पट्ट्या चिकटवाव्या आणि रोज थोडें वाचून घ्यावें. यंत्रें आज पुस्तकें वाचून दाखवितात, ती सोय मोलाची. पण आपलें नांव स्वतः वाचण्याचा व लिहिण्याचा अधिकार बोटांनींच मिळवावयाचा असतो.