पुरलेले गुपित

जमिनीत हंडा सापडला की माणसे गोळा होतात. धन निघेल अशी आशा असते. चीन देशात चिचिहार नावाचे शहर आहे. तेथे ४ ऑगस्ट २००३ रोजी बांधकामासाठी खोदाई चालली होती. मातीतून पाच लोखंडी पिंपे निघाली. एक फुटले आणि तेलासारखे काहीतरी सांडले. ते काय, कुणाला ठाऊक? पिंपे भंगारात गेली. माती गाड्यांत भरून भरावाला नेली, आपण तळ्याचा गाळ शेतात नेतो तशीच. त्या मातीत पोरे खेळली.

काही तासांनी अंगाची आग होऊ लागली. कातडीवर टरारून फोड आले, डोळे सुजले. ४४ जणांना बाधा झाली. त्यांतला एक दगावला.

ते तेल म्हणजे मस्टर्ड वायू. मस्टर्ड म्हणजे मोहरी. मोहरीसारखा वास, म्हणून हे नाव; आत मोहरी औषधालाही नाही. वायू म्हणतात खरे, पण असते ते दाट तेलच. अंगाला लागले तरी लगेच दुखत नाही. म्हणून ते फार दगलबाज! माणूस तसाच घरी जातो, लेकराला उचलून घेतो.

हे विष तिथे आले कसे? १९२५ साली जिनिव्हा येथे अनेक देशांनी करार केला, की लढाईत विषारी वायू वापरायचा नाही. जपानचीही त्यावर सही होती. तरी १९२९ साली जपानी लष्कराने ओकुनोशिमा बेटावर या विषाचा कारखाना काढला. बेटच नकाशातून पुसून टाकले. कामगारांना घरीदेखील बोलायची बंदी. त्यांच्याही छातीला रोग जडले. ते विष चीनवरच्या लढाईत वापरले गेले.

१९४५ साली जपान हरला. फौजेने उरलेली पिंपे नि तोफगोळे चीनमध्येच पुरले, काही नदीत टाकले. कागदपत्रे जाळली. विष पुरले हा गुन्हा खराच. पण जागा कुणाला सांगितली नाही, हा आम्हांला त्याहून मोठा वाटतो. चिचिहारची पोरे जन्मली, तेव्हा लढाई संपून कितीतरी वर्षे झाली होती.

या घटनेनंतर जपानने चीनला ३० कोटी येन दिले. जुनी शस्त्रे शोधून नष्ट करायचे जपानने आधीच मान्य केले होते. २०१० साली ती नष्ट करायला सुरुवात झाली. काम अजून चालूच आहे.