'भरपूर चाला' : एका सल्ल्याची मात्रा

वैद्यमित्रहो, औषधाची मात्रा लिहिताना आपला हात क्षणभर थबकतो. गुग्गुळाच्या गोळ्या दोन की तीन, कोमट पाण्यासह की मधातून, भोजनापूर्वी की भोजनोत्तर, हे सारे आपण काटेकोरपणे लिहितो. त्याच कागदाच्या तळाशी मात्र 'भरपूर चालणे' असे दोन शब्द लिहून मोकळे होतो. प्रस्तुत लेख त्या दोन शब्दांविषयी आहे, आणि तो लिहिण्याची वेळ आमच्याच चुकीमुळे आली आहे.

आमचा दवाखाना कोळगावात आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, 2021 मध्ये जिल्हा मुख्यालयाच्या नव्या इमारतींचे उद्घाटन येथेच झाले, आणि भातशेतीच्या या गावाची चाल बदलली. रुग्णही बदलले. पूर्वी आमवात, पावसाळी ज्वर आणि लावणीनंतरची कंबरदुखी; आता बैठ्या कामाचे कर्मचारी, तारापूर औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले कामगार, आणि या दोहोंमध्ये वाढता प्रमेह.

असेच एक गृहस्थ आमच्याकडे येत. वय साठीच्या आसपास, उभी हयात पाळीच्या नोकरीत गेलेली, देह स्थूल. आमचा सल्ला त्यांनी मनावर घेतला. नातवाने मोबाइलमध्ये पावले मोजण्याची सोय करून दिली आणि दहा हजारांचा आकडा डोक्यात बसला. (हा आकडा कोणत्याही संहितेतून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' अशा अर्थाचे होते.) दहाचे पंधरा झाले, पंधराचे वीस. एका रविवारी हे गृहस्थ पहाटे जवळच्या सार्वजनिक उद्यानात शिरले ते दिवेलागणीलाच घरी परतले. दम लागला नव्हता, वेदना नव्हती, आनंदात जेवले. दुसऱ्या दिवशी मोजे धुताना पत्नीला डाग दिसला. उजव्या अंगठ्याखाली फोड येऊन फुटला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. व्रण चिघळला, शल्यचिकित्सकांकडे पाठवावे लागले, अखेर अंगठ्याचे एक पेर गेले. "डॉक्टर, तुम्हीच लिहिले होते ना, भरपूर चाला म्हणून?" हे त्यांनी रागाने विचारले असते तर बरे झाले असते. त्यांनी ते अगदी साधेपणाने विचारले.

त्या रात्री सुश्रुतसंहिता पुन्हा काढली. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात आचार्य दोन गोष्टी वेगळ्या सांगतात, आणि आम्ही त्या एकत्र केल्या होत्या. देहाला फार पीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा आणि अग्नी वाढविणारे आहे. अध्व, म्हणजे लांबची वाटचाल, ही निराळी वस्तू. ती कफ व स्थौल्य घटविते, पण त्याबरोबर वर्ण आणि सौकुमार्यही हरण करते. अकराव्या अध्यायात निर्धन प्रमेह्याला पादत्राण व छत्रीवाचून, भिक्षान्नावर, शंभर योजने वा त्याहून अधिक चालावयास सांगितले आहे हे आपणा सर्वांस ठाऊक आहे, आणि व्याख्यानांतून आपण ते अभिमानाने सांगतोही. त्याच अध्यायाच्या आरंभी प्रमेही कृश की स्थूल हे आधी पाहावयास सांगितले आहे. आणि चरकांनी प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता व दाह सांगून ठेवला आहे. ज्याचे तळवे सुप्त आहेत त्याला 'पीडा होईपर्यंत चाल' म्हणण्यात काय अर्थ? त्याची पीडा मुकी झालेली असते.

ग्रंथ वाचून समाधान होईना. म्हणून गेल्या पौषातील एका रविवारी आम्ही स्वतः त्याच उद्यानात दिवसभर चाललो. फेरीचा मार्ग आदल्या दिवशी फीत लावून मोजला, तो 320 मीटर भरला. खिशात शंभर चिंचोके घेतले. प्रत्येक फेरीला एक उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचा. साडेसहाला प्रारंभ केला तेव्हा अंधार होता. आठपर्यंत उद्यान माणसांनी भरले, दहाला रिकामे झाले, नंतर आम्ही आणि वॉचमन. तिसऱ्यांदा समोरून गेलो तेव्हा तो म्हणाला, "काय डॉक्टरसाहेब, नवस फेडताय का?"

व्यायाम बलार्धाने करावा हे आपण पाठ केलेले. हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धे बल खर्ची पडले. हे लक्षण आम्ही दिवसभर शोधत होतो आणि ते एकदाही आले नाही. हळू चालणाऱ्याचा श्वास शेवटपर्यंत नाकानेच चालतो. कुस्ती, जोर, बैठका यांना लागू पडणारी ही खूण सावकाश फेऱ्या मारणाऱ्याला फसविते, असे आमचे मत झाले. त्याचे बल छातीआधी पायात संपते. चाळिसाव्या फेरीला डाव्या घोट्याच्या बाहेरच्या अंगाला ओढ जाणवू लागली. मार्ग पाणी निघून जावे म्हणून बाहेरच्या बाजूस उतरता केलेला. प्रदक्षिणेप्रमाणे सतत उजवीकडे वळत राहिल्याने डावा पाय दर पावलाला सखल पडत होता. पंचावन्नाव्या फेरीनंतर दिशा उलट केली आणि तासाभरात ओढ कमी झाली. न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात 1997 पासून एकाच चौकोनाभोवती 3100 मैलांची शर्यत होते. तेथील धावपटू रोज दिशा बदलतात, हे आम्हांस तेव्हा आठवले.

दुपारी मुगाची खिचडी आणि ताक घेऊन शतपावली केली (हसू आले, पण केली) आणि करंजाखाली डाव्या कुशीवर पडलो. उठल्यावर बूट घट्ट झाले होते. मोजा काढून पाहिला तर करंगळीपाशी लाल चट्टा. आम्हांस तो झोंबत होता म्हणून पाहिला. त्या गृहस्थांना तो झोंबला नसता.

साडेसहाला थांबलो तेव्हा उजव्या खिशात चार चिंचोके उरले होते. शहाण्णव फेऱ्या, म्हणजे जेमतेम पावणेएकतीस किलोमीटर. योजन तेरा किलोमीटरचे धरले तर या गतीने शंभर योजनांना बेचाळीस दिवस लागतील. मग आळंदी ते पंढरपूर या वाटेचा हिशेब केला. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, पालखी जाते अठरा ते वीस दिवसांत. म्हणजे दिवसाला साधारण एक योजन. वयस्क माणसे ती वाट वर्षानुवर्षे चालतात, कारण तेथे मुक्काम ठरलेला असतो. आपल्याला हवे म्हणून पुढच्या गावी जाता येत नाही. उद्यानातील फेरीला मुक्काम नाही. प्रत्येक फेरी सुरू झाली तेथेच संपते आणि 'आणखी एक' असे म्हणते. मावळतीला आमच्याही मनात त्या चार चिंचोक्यांनी चांगलीच चलबिचल केली.

रात्री कांशाच्या वाटीने पादाभ्यंग झाला, तरी सलग दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. असो.

आता आमच्या मेजावर नाडीपरीक्षेच्या उशीशेजारी दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू आणि 128 कंपनांचा नादकाटा असतो. प्रमेह्याला चालावयास सांगण्यापूर्वी तळव्याची संवेदना पाहतो, बोटांच्या बेचक्या पाहतो, पायावरील नाडी पाहतो. तंतूचा स्पर्श ज्याला कळत नाही त्याला अनवाणी चालण्याची मनाई करतो. शंभर योजनांचा दाखला कोणी दिला तरीही. कागदावर फेऱ्यांची संख्या, दिशा आणि थांबण्याची वेळ लिहितो. बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्यावयास सांगतो. घरी परतल्यावर तळवे आरशात पाहणे हा त्याच चिकित्सेचा भाग. दृष्टी मंद असेल तर ते काम घरच्यांनी करावे.

ते गृहस्थ व्रण भरून आल्यावर पुन्हा उद्यानात जाऊ लागले आहेत. मऊ तळाचे पादत्राण, सकाळी सहा फेऱ्या, तीन उजव्या आणि तीन डाव्या. परवा दवाखान्यात आले आणि म्हणाले, "डॉक्टर, आठ केल्या तर चालतील का?" आम्ही आधी मोजे काढावयास सांगितले.