मुंगूस, खुराडे आणि भीतीची सवय

परसात पाच-दहा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांना दोन प्रश्न नेहमी पडतात. खुराड्यात शिरलेले मुंगूस किंवा रानमांजर एका कोंबडीवर न थांबता सगळ्याच का मारून टाकते, हा पहिला. आणि लुकलुकणारे दिवे, चकचकीत पट्ट्या, बुजगावणी ही साधने सुरुवातीला उपयोगी पडून पुढे कुचकामी का ठरतात, हा दुसरा. वरवर पाहता या प्रश्नांचा एकमेकांशी संबंध नाही. तरी दोहोंची उत्तरे प्राणिवर्तनशास्त्राच्या, म्हणजे प्राणी कसे व का वागतात याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या, एकाच परंपरेत सापडतात, आणि त्या परंपरेतील ज्या संशोधकाचे काम येथे सर्वांत मोलाचे आहे त्याला त्याच्या गुरूंच्या मानाने फारच थोडी प्रसिद्धी मिळाली आहे.

कोंबडी ही अगदी असहाय असते, हा समज आधी दूर केला पाहिजे. लाल रानकोंबड्याच्या या वंशजाने पूर्वजांची इशारा देण्याची पद्धत जशीच्या तशी जपली आहे. आकाशात शिक्रा दिसला की कोंबडा बारीक, उंच पट्टीचा आवाज काढतो, ज्याचा उगम कोठे आहे हे ओळखणे कठीण असते. जमिनीवरून कुत्रे किंवा मुंगूस येताना दिसले तर मात्र तो तुटक, ठसठशीत आवाजात कलकलाट करतो. ख्रिस्तोफर इव्हान्स व पीटर मार्लर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रत्यक्ष शत्रू समोर नसताना केवळ ध्वनिमुद्रित आवाज कोंबड्यांना ऐकवले, तेव्हा पहिल्या आवाजाला त्या दबून बसल्या, आडोशाकडे धावल्या आणि वर पाहू लागल्या, तर दुसऱ्या आवाजाला माना ताठ करून आजूबाजूला न्याहाळू लागल्या. याच गटाच्या संशोधनातून असेही दिसले की जवळ कोंबड्या असतील तर कोंबडा आकाशातील शत्रूचा इशारा अधिक देतो आणि एकटा असेल तर बराच कमी, म्हणजे ही केवळ घाबरून निघालेली किंकाळी नसून तिला श्रोत्यांचे भान असते. अर्थात धावण्यासाठी आडोसाच नसेल, तर इशाऱ्याचा उपयोग काय? सारवलेल्या मोकळ्या अंगणापेक्षा करवंदीसारखी दाट, बुटकी झुडपे असलेले परसू कोंबड्यांना अधिक सुरक्षित असते, ते यामुळेच.

पण कोंबडीवर्गातील पक्ष्याला शिकारी पक्षी ओळखता येतो, तो जन्मतः की अनुभवाने? या प्रश्नावर कॉनरॅड लोरेन्झ आणि निको टिनबर्गेन यांनी १९३७ साली ऑस्ट्रियातील आल्टेनबर्ग येथे पिलांच्या डोक्यावरून पुठ्ठ्याच्या आकृत्या सरकवून प्रयोग केले. त्यांतील एक आकृती एका दिशेने नेली तर आखूड मान व लांब शेपटीच्या ससाण्यासारखी दिसे, आणि उलट दिशेने नेली तर लांब मानेच्या हंसासारखी. पक्षी ससाण्याला घाबरतात, हंसाला घाबरत नाहीत, हा निष्कर्ष पुढे टिनबर्गेन यांच्या ग्रंथातून जगभर पोचला आणि उपजत ज्ञानाचे नामांकित उदाहरण बनला. लोरेन्झ यांचेच शिष्य वोल्फगांग श्लाइट यांनी मात्र उडते पक्षी कधीच न पाहिलेल्या टर्की पक्ष्यांवर तोच प्रयोग काटेकोरपणे केला आणि १९६१ साली दाखवून दिले की सुरुवातीला दोन्ही आकृत्या सारख्याच भीतिदायक असतात. जी वारंवार दाखवावी तिची भीती ओसरते आणि जी क्वचित दिसते तिची टिकते. हमरस्त्यालगत राहणाऱ्या माणसाला रोजच्या वाहनांचा आवाज ऐकू येईनासा होतो, पण अनोळखी आवाजाने तो दचकतो, तसाच हा प्रकार आहे, आणि त्याला सवयीकरण म्हणतात. आल्टेनबर्गच्या पक्ष्यांना हंस रोज दिसत आणि ससाणे क्वचित, एवढाच त्या प्रसिद्ध निष्कर्षाचा अर्थ होता. लोरेन्झ आणि टिनबर्गेन यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच होते. परंतु ससाणा-हंस आकृतीचे चित्र ज्या पाठ्यपुस्तकात छापले जाते, त्यात श्लाइट यांचे नाव नसणे हा अन्याय आहे.

कोंबडीपालकाच्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व असे की सवयीकरण केवळ भक्ष्याचे होत नाही, भक्षकाचेही होते. खुराड्यावर टांगलेला लुकलुकता दिवा पहिल्या रात्री उदमांजराला बिचकवतो, कारण तो अनोळखी असतो. परंतु दिव्यापाठोपाठ काहीच घडत नाही, हे काही रात्रींत त्याच्या ध्यानात येते, आणि एकदा कोंबडी हाती लागली की त्याच जागी ते पुन्हा पुन्हा येते. कायमचा उपाय म्हणून या साधनांची जी जाहिरात होते, ती म्हणूनच विश्वास ठेवण्याजोगी नाही.

सामूहिक हत्येचे कोडे टिनबर्गेन यांचे विद्यार्थी हान्स क्रूक यांनी उलगडले. काळ्या डोक्याचे कुरव, जे हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावरही येतात, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील रेव्हनग्लास येथे जमिनीवर घरटी करतात. अत्यंत काळोख्या रात्री हे कुरव उडून न जाता बसून राहत आणि खोकडे त्यांतील कित्येकांना मारून बहुतेक न खाताच टाकून देत, असे क्रूक यांना आढळले. १९७२ साली त्यांनी मांडलेले स्पष्टीकरण असे की पोट भरल्यावर प्राण्याचे भक्ष्य शोधणे थांबते, परंतु तोंडाशी असलेल्या भक्ष्याला पकडणे व मारणे थांबत नाही. एरवी बाकीचे भक्ष्य पळून जात असल्याने ही वेळ सहसा येत नाही. खुराड्यातील रात्र ही हुबेहूब त्या काळोख्या रात्रीसारखी असते, कारण कोंबडीला अंधारात फारच कमी दिसते आणि पळायला जागाही नसते. शिकारी प्राण्याच्या अंगी क्रौर्य किंवा सूडबुद्धी असते, ही कल्पना म्हणून टिकत नाही. कच्ची जाळी लावलेल्या खुराड्यात कोंबड्यांची वाट बंद होते आणि शिकाऱ्याची उघडी राहते, एवढेच तेथे घडते.

जाळीची मात्र भीतीसारखी सवय होत नाही. बारीक तारेची षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यापुरतीच आहे. ती कुत्र्याच्या दातांपुढे टिकत नाही आणि तिच्या मोठ्या छिद्रांतून पंजा आत घालता येतो. त्याऐवजी अर्धा इंची वेल्डेड जाळी वापरावी, आणि तिचा खालचा सुमारे ३० सेंटिमीटर भाग बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली आडवा पसरावा, कारण उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरू लागतो आणि मागे सरून लांबून बोगदा काढण्याचे त्याला सहसा सुचत नाही. दिवेलागणीपूर्वी कोंबड्या आत घेऊन दाराला पक्की कडी लावावी. लहान पिले मात्र दिवसाही डालग्याखाली ठेवावीत, कारण मुंगूस प्रामुख्याने दिवसा हिंडते आणि कावळे व घारीही तेव्हाच टपलेल्या असतात. विष घालणे किंवा फासे लावणे हा मार्ग धरू नये. मुंगूस आणि रानमांजर या दोघांनाही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, आणि शिवारातले उंदीर खाऊन तेच शेतकऱ्याचे धान्य वाचवत असतात. पहिल्या पावसात माती भुसभुशीत होऊन उकरणे सोपे होते, तेव्हा कोंबड्या पाळणाऱ्यांनी मे महिन्यातच खुराड्याच्या जाळीचा पायथा तपासून घ्यावा.