कोठीतली संदूक आणि मोबाइलवरचा लिलाव

बिडकीन हे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) ते पैठण रस्त्यावरचे गाव. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याचा चेहरामोहरा पालटला. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी जमिनी संपादित झाल्या, ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र आखले गेले आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचे लोकार्पणही झाले. मोबदल्याचा पैसा हाती आला तशी जुनी माळवदाची घरे पाडून स्लॅबची घरे उभी राहू लागली. आणि घर पाडायचे म्हटले की आधी कोठीची खोली रिकामी करावी लागते.

तिथून काय काय निघते! कलई गेलेल्या तांब्याच्या देगच्या, दादीच्या जहेजातले पानदान, काळ्या पडलेल्या बिद्री हुक्क्याचा बूड, कापडाच्या पुरचुंडीत बांधलेले हाली रुपये, जिद्द्याहून किंवा दुबईहून कुणी चाचांनी आणलेली चावीची मोटार, कॅसेटचा टेपरेकॉर्डर. दारात भंगारवाला उभाच असतो. त्याच्या काट्याला फक्त किलो कळतो. बिद्रीच्या जस्ताला आणि फुटक्या बादलीला तो जवळपास एकाच भावात मोजतो, आणि आपणही घर लवकर मोकळे व्हावे म्हणून होकार देतो.

आता अनेक घरांतल्या मुला-मुलींना या वस्तूंचा दुसरा बाजार ठाऊक झाला आहे, तो मोबाइलवरचा. आमच्या वाचक कुटुंबांना त्याची नीट ओळख असावी, कारण या बाजारात कमाई आहे आणि फसवणूकही तितकीच आहे.

इंटरनेटवरच्या लिलावाची सुरुवात १९९५ साली अमेरिकेत झाली. पियर ओमिदयार या इराणी आईबापांच्या पोटी पॅरिसमध्ये जन्मलेल्या तरुणाने सुरू केलेले संकेतस्थळ पुढे ‘ईबे’ म्हणून जगभर गेले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. त्याला १४.८३ डॉलर मिळाले! आपल्याकडे २००० साली मुंबईत ‘बाझी’ सुरू झाले, २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचा देशांतर्गत बाजार बंद झाला. आज भारतातला विक्रेता त्यावर मुख्यतः परदेशी गिऱ्हाइकाला माल विकतो. देशातल्या देशात विकायचे तर नाणी-नोटांचे लिलाव करणाऱ्या मुंबई-बेंगळुरूच्या पेढ्या आहेत, आणि त्या ऑनलाइन बोलीही घेतात. ओएलएक्स किंवा फेसबुकचे गट मात्र लिलाव नव्हेत. तिथे मध्ये कुणी जबाबदार नसतो, सौदा तुम्ही आणि समोरचा अनोळखी माणूस यांच्यातच होतो.

लिलाव म्हटले की आपल्याकडे काहींच्या मनात शंका येते. ती नसावी. अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत एक प्रसंग आहे. मदत मागायला आलेल्या एका अन्सारी माणसाच्या घरी एक जाड कापड आणि पाण्याचे एक भांडे एवढेच होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते मागवले आणि लोकांपुढे बोलीला ठेवले. एकाने एक दिरहम देऊ केला. अधिक कोण देतो, असे त्यांनी दोन-तीनदा विचारले आणि दोन दिरहमांना वस्तू दिली. त्यातल्या एकाचे घरात खायला आणायला आणि दुसऱ्याची कुऱ्हाड घ्यायला सांगितले. तो माणूस लाकडे तोडून विकू लागला आणि पंधरा दिवसांनी दहा दिरहम कमावून परतला. घरातली जुनी वस्तू विकून हातपाय हलवायला भांडवल उभे करणे यात कमीपणा कसला?

मनाई आहे ती खोट्या बोलीला. घ्यायचे नसताना भाव चढवण्यासाठी बोली लावणे याला हदीसमध्ये ‘नजश’ म्हटले आहे आणि ते निषिद्ध आहे. मामेभावाच्या मोबाइलवरून आपल्याच वस्तूवर बोली लावणे म्हणजे तेच. लिलावाच्या संकेतस्थळांनाही ते चालत नाही, खाते बंद होते. वस्तूचा दोष लपवण्याचेही तसेच. तडा गेलेले पानदान असेल तर तड्याचा फोटो आधी टाकावा. अनुभवी संग्राहकाला दोष चालतो, लपवाछपवी चालत नाही.

आता मालाकडे वळू. आपल्या मराठवाड्यात सर्वांत जास्त निघतात ती निजामाची नाणी. हैदराबाद संस्थानचा हाली रुपया साधारण ११.१८ ग्रॅम वजनाचा आणि त्यात ८१.८ टक्के चांदी, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत, आणि १०० कलदारांना सुमारे ११६ हाली मोजावे लागत. त्या दिवसाचा चांदीचा भाव पाहिला की नाण्याची कमीत कमी किंमत घरबसल्या कळते. त्याच्या खाली कुणी मागत असेल तर बोलणेच थांबवावे. त्यापुढची किंमत बारकाव्यांवर ठरते. चारमिनारच्या दारात ‘मीम’ असेल तर नाणे मीर महबूब अली खान यांच्या काळातले, ‘ऐन’ असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या. सुरुवातीच्या नाण्यांवरचा अपुरा ऐन आणि नंतरचा पूर्ण ऐन यांतही संग्राहक फरक करतात. हिजरी सन नीट वाचता यायला हवा, आणि इथे उर्दू येणाऱ्या आपल्या घरांतल्या आजी-आजोबांची मदत कुठल्याही तज्ज्ञापेक्षा कमी नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी: नाणे चिंच-राखेने घासून चकचकीत करू नये. घासलेल्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी किंमत पडते. बिद्रीचेही तेच. तिचा काळेपणा ही घाण नसून कारागिराने मुद्दाम आणलेला रंग असतो.

खेळण्यांचा बाजार वेगळाच, आणि तो पाहून मोठी माणसे चक्रावतात. १९८० च्या दशकात मुंबईच्या लिओ कंपनीने मॅटेलच्या परवान्याने हॉट व्हील्सच्या छोट्या मोटारी आणि ही-मॅनच्या बाहुल्या भारतात बनवल्या. १९८७ साली सुरू झालेल्या फनस्कूलच्या गोव्यातल्या कारखान्यात जी. आय. जो बनले. कलकत्त्यात मिल्टन आणि मॅक्सवेल यांनी विलायती कॉर्गी आणि मॅचबॉक्सच्या साच्यांवरून मोटारी काढल्या. रंग थोडे वेगळे, चित्रे थोडी वेगळी, आणि नेमका हा भारतीय वेगळेपणाच आज अमेरिका-युरोपातल्या संग्राहकांना हवा असतो. मूळ खोका किंवा पुठ्ठा असेल तर किंमत कितीतरी वाढते. म्हणून खोका फेकू नका, उडालेल्या रंगावर नवा रंग लावू नका, आणि मोटार उलटी करून तळावरच्या अक्षरांचा फोटो अवश्य घ्या. घेणारा आधी तोच पाहतो.

किंमत ठरवताना नवखे लोक नेहमी एक घोळ करतात. संकेतस्थळावर कुणी एखादे नाणे पाच लाखांना लावलेले दिसते आणि घरात पेढे वाटले जातात. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. ‘विकले गेलेले’ असा पर्याय निवडून प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचे आकडे पाहावेत. वाटेल तो भाव मागायला कुणालाही पैसा पडत नाही.

यातूनच ७८६ च्या नोटांचे प्रकरण फोफावले. अब्जद हिशेबाने बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ येते, म्हणून आपल्या घरांत अशा नोटा जपून ठेवल्या जातात. (बेरीज म्हणजे बिस्मिल्लाह नव्हे, असे अनेक उलेमा सांगत आले आहेत, पण तो वेगळा विषय.) या नोटेला, किंवा ट्रॅक्टरच्या चित्राच्या पाच रुपयांच्या नोटेला, लाखो रुपये मिळतात अशा जाहिराती फिरतात. नंबर लावला की समोरचा गोड बोलतो, रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्र पाठवतो आणि मग आधी नोंदणी, मग कर, मग कमिशन असे हप्त्याहप्त्याने पैसे काढतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले आहे की बँक असल्या व्यवहारात नाही, त्यासाठी कसलेही शुल्क मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. हौशी माणूस ७८६ च्या नोटेला दर्शनी किमतीपेक्षा थोडे जास्त देईलही, पण लाखांची भाषा निघाली की फोन ठेवावा. तसेच पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० वर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

कायद्याचे भान हवे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक-वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुने, हे पुरावशेष ठरते. ते परदेशी पाठवता येत नाही आणि परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही. म्हणजे १९८५ ची मोटार लंडनला खुशाल पाठवा, पण महबूब अली खान यांचा रुपया नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून दाखला घेता येतो. पाया खोदताना गाडगे सापडले तर ते घरमालकाचे होत नाही. १८७८ चा निखात निधी अधिनियम दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा प्रत्येक निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला सांगतो. पैठणच्या पांढरीच्या मातीत सातवाहन काळापासूनच्या वस्ती गाडल्या गेल्या आहेत, म्हणून आपल्या भागाला हे जास्त लागू. तिथली नाणी आणि मातीची खेळणी पैठणच्या संग्रहालयात आहेत, मुलांना एकदा दाखवून आणावीत.

आणि आता सर्वांत नाजूक गोष्ट. संदूक कुणाची? दादा वारले, अब्बा वारले, घर थोरल्या भावाकडे राहिले, म्हणून संदूकही त्याची झाली असे आपल्याकडे गृहीत धरतात. शरीअतचा हिशेब तसा नाही. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि एक-तृतीयांशाच्या आतली वसीयत फेडल्यावर जे उरते ते सगळे वारसांचे, त्यात सुईसुद्धा आली. मूलबाळ असेल तर विधवेचा आठवा हिस्सा, मुलाला दोन तर मुलीला एक. शेतीच्या मोबदल्याच्या वेळी बहिणींच्या सह्या घ्याव्या लागल्या, कारण तलाठ्याकडे नावे होती. पुरचुंडीतल्या रुपयांचा सातबारा नसतो, म्हणून तिथे बहिणींना कुणी विचारत नाही. आणि भांड्यांवर अम्मींचे नाव कोरलेले असेल, तर ती मुळात त्यांच्या मालकीची. त्या हयात असताना त्यांना न विचारता विकणे कुणाच्याच अधिकारात नाही.

खरे तर इथेच लिलाव कामाला येतो. एका बिद्री पानदानाचे चार तुकडे करता येत नाहीत, पण त्याच्या पैशांचे करता येतात, आणि उघड बोलीत भाव किती आला हे नांदेडच्या बहिणीला आणि पुण्याच्या भावाला आपापल्या मोबाइलवर दिसते. कुणी किती खाल्ले ही कुजबुज उरत नाही. एखाद्याला वस्तू ठेवूनच घ्यायची असेल तर आधी घरातल्या घरात बोली लावावी, भाव ठरवावा आणि बाकीच्यांचे हिस्से रोख द्यावेत. त्यासाठी माळवद उतरवण्याआधी एक दिवस काढून सगळ्या वस्तू अंगणात मांडाव्यात, दिवसाच्या उजेडात फोटो घ्यावेत, यादी करावी आणि ती सर्व भावंडांना पाठवावी. भंगारवाल्याला त्यानंतरच्या आठवड्यात बोलवावे.

हस्तलिखित कुरआन किंवा जुन्या किताबी निघाल्या तर त्या मात्र या यादीत किंमत लावून घालू नयेत. त्यांची पाने कोरड्या सुती कपड्यात गुंडाळून ठेवावीत, चिकटपट्टी लावू नये, आणि जाणकार आलिम किंवा विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या माणसांना दाखवून मग घरच्यांनी मिळून ठरवावे.