प्रार्थनेची साथ

गिटार सामान्यतः छातीशी धरून वाजवितात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांत ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांब सरकवीत वाजविण्याची रीत रूढ झाली. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड मींड घेता येऊ लागली. पुढे तिला पाय बसविले गेले आणि खाली पेडल जोडली गेली. पेडल दाबले की तारेचा ताण बदलतो व स्वर पालटतो. हीच पेडल स्टील गिटार होय.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘हाउस ऑफ गॉड’ या चर्चमध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीस ट्रोमन व विली ईसन या बंधूंनी आडवी पोलादी गिटार उपासनेत आणली. विली तारांतून जणू मानवी कंठच बोलता करी. १९७० च्या दशकात चक कॅम्पबेलसारख्या वादकांनी तेथे पेडलांचे वाद्य रुळविले.

या वादकाला बोटांइतकेच कानही जागे ठेवावे लागतात. प्रवचनकाराचा आवाज चढला की गिटार चढते. तो थांबला की ती त्याचेच बोलणे पुढे नेते. सभा शांत झाली की तीही मंदावते. आपले कौशल्य मिरविण्याचा मोह वादकाला आवरावा लागतो. कारण लोक तेथे प्रार्थनेसाठी जमलेले असतात. उत्तम साथ करणाऱ्याला प्रथम दुसऱ्याचे ऐकावे लागते, ते असे!