तेलताडाची पुनर्लागवड आणि बियाण्याची पारख

फरसाणापासून साबणापर्यंत आपल्याकडे वापरले जाणारे पाम तेल बव्हंशी इंडोनेशिया व मलेशिया या देशांतून येते. इंडोनेशियातील तेलताडाचे सुमारे ४० टक्के क्षेत्र लहान शेतकऱ्यांच्या हाती आहे. सुमात्रा बेटावर १९८० ते २००० या काळात लावलेल्या त्यांच्या अनेक बागा आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. झाड २५ वर्षांचे झाले की उत्पन्न घटते आणि लांब काठीच्या कोयत्यानेही घड उतरविणे कठीण जाते. मग जुनी झाडे पाडून नवी लावणे भाग पडते.

येथे पहिला प्रश्न बियाण्याचा. तेलताडाचे तीन प्रकार आहेत. ‘दुरा’ची करवंटी जाड, म्हणून गर व तेल कमी, ‘पिसिफेरा’ला करवंटी नसते, परंतु ती बहुधा वांझ असते, या दोहोंच्या संकरातून होणारा ‘टेनेरा’ मात्र पातळ करवंटीचा व भरपूर तेलाचा. हे रहस्य बेल्जियन काँगोतील बेर्नार्ट व व्हान्डरवेयेन या संशोधकांनी १९४१ साली उलगडले. तेव्हापासून दुरा मातेवर पिसिफेराचा पराग हाताने घालून लागवडीचे बी तयार करतात.

ते बी विकत घ्यावे लागते. शेजारच्या बागेतील टेनेराखाली पडलेले बी फुकट मिळते. पण मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्यावर सिद्ध केलेला नियम येथेही चुकत नाही. टेनेराच्या टेनेराशी झालेल्या संकरातून निम्मीच संतती टेनेरा निघते. पाव दुरा व पाव पिसिफेरा. हेक्टरी १४३ झाडे धरली, तर सुमारे ७१ चांगली, ३६ कमी तेलाची आणि ३६ बहुधा वांझ! रोपवाटिकेत ही सारी रोपे सारखीच दिसतात. फळ धरते तिसऱ्या वर्षाच्या सुमारास. तोवर खत, मजुरी आणि वेळ खर्ची पडलेला असतो.

बी अस्सल असले, तरी पहिली तीन वर्षे उत्पन्न जवळजवळ नसते. शिवाय जुन्या खोडामुळांत ‘गॅनोडर्मा’ बुरशी राहिली, तर ती नव्या रोपांनाही ग्रासते. म्हणून जुने बुंधे नीट उपटून काढावे लागतात, आणि त्यालाही पैसा लागतो. इंडोनेशिया सरकार २०१७ पासून निर्यातकराच्या निधीतून पुनर्लागवडीस अनुदान देते. ते हेक्टरी तीन कोटी रुपियांवरून २०२४ मध्ये सहा कोटींवर नेण्यात आले. मात्र जमिनीची कागदपत्रे पुरी नसलेल्यांना ते मिळणे दुर्घट होते. ज्याला आधाराची गरज सर्वांत अधिक, तोच अशा रीतीने स्वस्त व अनोळखी बियाण्याकडे ढकलला जातो.

आपल्या देशातही २०२१ च्या राष्ट्रीय अभियानापासून आंध्र व तेलंगणात ही लागवड वाढत आहे. तेथील श्रोत्यांनी एवढे ध्यानी ठेवावे: रोपाचा हिरवेपणा पाहून पारख होत नाही. त्याच्या मातापित्यांचा दाखला मागावा आणि खरेदीची पावती सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकीच जपून ठेवावी.